हात वर केला की थांबायचं

४ मार्च, सोमवार

भिंगरीच्या बाबास,

'प्रिय' लिहिलेलं नाही, ते विसरून नाही. फोनवर माझा आवाज चढला की तू 'रेंज जातेय' म्हणतोस आणि कट करतोस. पुलाच्या साइटवरची रेंज नेमकी माझ्याच वाक्याला कशी जाते, हे मला आजवर कळलेलं नाही. म्हणून पत्र. पत्र मधेच कट करता येत नाही. फाडता येतं, पण तेवढा आडदांड तू नाहीस.

आधी कामाचं. भिंगरीची खालची उजवी दाढ किडली आहे. दुधाचीच आहे, पण कीड आतल्या नसेपर्यंत पोचली आणि मुळाशी पू झाला. औषध सुरू केलंय. त्याने सूज उतरेल आणि औषध संपलं की पुन्हा चढेल, कारण दाढ काढल्याशिवाय आतली घाण जाणार नाही. फार दिवस काढले तर ती जबड्याखाली उतरते, आणि मग माझ्या खुर्चीचं काम राहत नाही, हॉस्पिटलात दाखल करावं लागतं. हे सगळं मी तुला काल फोनवर सांगायला घेतलं, तर तू म्हणालास, "दातांच्या डॉक्टरच्या पोरीचा दात किडतोच कसा?"

वा! काय प्रश्न आहे! तर ऐक. कीड दोन दाढांच्या मधे होती. ती वरून दिसत नाही, एक्स-रेत दिसते. आणि एक्स-रे मी काढला नव्हता. पोरीचं तोंड रोज माझ्यासमोर उघडं असायचं, पण ते दुसऱ्या पोरांना दाखवण्यासाठी. मी मोजायचे, बघायचे नाही. झालं समाधान?

तू गेलास तेव्हा हे सुरू झालेलं नव्हतं, म्हणून सांगते. शाळा सुटली की भिंगरी दवाखान्यात येते. एखाद्या पोराने दारातच भोकाड पसरलं की ही बया दप्तर टाकते आणि खुर्चीत चढून बसते. मी खुर्ची वर नेते, खाली आणते, दिवा लावते, आरसा घालून तिचे दात मोजते. मग ती मान वळवून त्या पोराला सांगते, "हात वर केला की आई थांबते. बघ हं." हात वर, मी थांबले. हात खाली, मी सुरू. तिला यात इतकी गंमत वाटते की माझा खांदा दुखेपर्यंत करायला लावते. तोवर रडणारं पोर नाक पुसत जवळ आलेलं असतं आणि म्हणतं, आता मी.

अशी ही माझी पोरगी, जिने अख्ख्या गल्लीतल्या पोरांची तोंडं उघडून दिली, तिचीच आता दातखिळी बसली आहे. काल मी आरसा हातात घेतला तर तिने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले आणि हातांआडून म्हणाली, "बाबाचं प्रॉमिस आहे." काय प्रॉमिस, ते तुझ्या आईने सांगितलं. "मी आल्याशिवाय तुझ्या दाताला कोणी हात लावणार नाही. आणि मी येईपर्यंत तूही तोंड उघडायचं नाहीस. कबूल?" तिने कबूल केलं.

अरे, तुला काय पडलंय? तू कबूल करून घेतलंस आणि जेवायला गेलास. इथे मी रोज पोरांना शिकवते की डॉक्टरने शब्द दिला की पाळायचा, तुम्ही दिलात की तुम्हीही पाळायचा. ती ते माझ्याकडूनच शिकली आहे. आता मी कोणत्या तोंडाने सांगू, की बाबाला दिलेला शब्द मोड?

तेव्हा ये. शनिवारी ये. तासभर तिच्याजवळ उभा राहा, मग हवं तर त्याच गाडीने परत जा. मी चहासुद्धा विचारणार नाही.

– भिंगरीची आई


१० मार्च, रविवार

भिंगरीच्या बाबास,

पत्र मिळालं म्हणून तुझा मेसेज आला, 'येतो शनिवारी.' तीन दिवस मी माणसासारखी वागले. तुझ्या आईला म्हटलं, बघा, पत्राचा उपयोग होतो.

काल भिंगरी सकाळपासून बूट घालून बसली होती. घरात बूट घालायचे नाहीत हे तिला माहीत आहे, पण मी चालवून घेतलं. दुपारी दवाखान्यात आली ती बाहेरच्या बाकावर, दाराकडे तोंड करून. तुझा मेसेज आला तेव्हा मी एका बाईंच्या दातात सिमेंट भरत होते. 'काँक्रीट सुरू झालं, आता थांबवता येत नाही. पुढच्या आठवड्यात बघतो.' ते सिमेंट वाळेपर्यंत मी बोटाने दाबून धरलं. त्या बाई नंतर म्हणाल्या, डॉक्टर, तुमचा हात केवढा गरम झालाय.

'बघतो' म्हणजे काय रे? लग्नाआधीपासून ऐकतेय मी हे बघतो. गळका नळ बघतो, शाळेचा दाखला बघतो. दवाखाना बंद करून तिकडे चल म्हणालास आणि मी नाही म्हटलं, तेव्हाही जाताना दारात तेच म्हणालास, "बरं, बघतो काय करायचं ते." वर्ष उलटून गेलं, तुझं बघून होत नाही.

आणि आज पुन्हा फोन करून तिला सांगितलंस, "पुढच्या शनिवारी नक्की. प्रॉमिस तसंच आहे हं." मी समोर होते. तिचा चेहरा असा काही फुलला की मला तुझ्या हातातून फोन काढून घ्यावासा वाटला. तू इथे नव्हतास, म्हणून वाचलास.

आता तुझ्या आईचं. मी तुझ्याकडे त्यांची तक्रार करत नाही, त्या नसत्या तर मी कधीच कोलमडले असते. पण दवाखान्यातल्या बाकावर बसून त्या माझ्या कामावर बादल्या भरभरून पाणी ओततात. कोणतंही पोर आलं की, "काही नाही रे बाळा, नुसतं बघणार आहेत, दुखतबिखत काही नाही." मी आत घसा कोरडा करून सांगत असते, टोचेल, मुंगी चावल्यासारखं होईल, मग ओठ जड होईल. पोर म्हणतं, त्या आजी तर म्हणाल्या, काही नाही! म्हणजे दोघींपैकी एक खोटारडी, आणि सुई माझ्या हातात, म्हणजे खोटारडी मीच.

आज जेवताना भिंगरीसमोरच मी वैतागून म्हटलं, "आई, तुम्ही पोरांना खोटं का सांगता?" तर म्हणाल्या, "तू नाही का इंजेक्शनला दात झोपवायचं पाणी म्हणतेस? ते काय खरं असतं?" मी मग म्हटलं, "पण टोचेल हे सांगते ना."

त्यावर त्यांनी पाण्याचा पेला बाजूला सारला. आणि मग तुझी गोष्ट सांगितली. तुझी दाढ काढायची होती, तू भिंगरीएवढाच होतास. त्यांनीच तुला सांगितलं होतं, नुसतं बघणार आहेत. आत गेल्यावर चौघांनी धरलं. "पाय मी धरले होते," म्हणाल्या. "नंतर कितीतरी वर्षं माझ्याबरोबर कुठे जायचं म्हटलं की आधी दार कुठे आहे ते बघायचा."

हे तू मला कधी सांगितलं नाहीस. बायको दातांची डॉक्टर आणि नवऱ्याने एकदासुद्धा तिच्यापुढे तोंड उघडलेलं नाही, याचे मी सगळीकडे विनोद करत हिंडले. तुझी अक्कलदाढ अजून यायची आहे, असं चारचौघांत म्हटलं मी. मला वाटायचं आळस आहे. तू नुसता हसायचास.

कळलं मला. तिला कोणी धरू नये, एवढंच तुला म्हणायचं होतं. पण अरे, मला विचारायचंस ना! मी आजवर एकाही पोराला धरलेलं नाही, त्यापायी अर्धा अर्धा तास फुकट घालवलाय, लोकांची बोलणी खाल्लीत. तुझ्याच पोरीला मी धरीन? आणि कळलं म्हणून राग गेला असं समजू नकोस. उलट वाढलाय. ज्याला माहीत आहे दिलेला शब्द फिरला की काय होतं, तोच असा शब्द देऊन पुलावर जाऊन बसतो.

शनिवारी ये. काँक्रीट थांबत नसेल तर ते सुरूच करू नकोस.

– भिंगरीची आई


१४ मार्च, गुरुवार

बाबासाहेब,

सूज परत आली आहे. दुसरं औषध सुरू केलं. काल अंगात ताप होता, आज नाही. मऊ खाते, तेही डाव्या बाजूने. सोमवारपासून मी तुला कितीदा फोन लावला ते तुझ्या फोनवर दिसत असेलच. साइटच्या ऑफिसातला माणूस म्हणतो, साहेब खाली आहेत. खाली म्हणजे कुठे, नदीत?

आज जे झालं ते सांगते, कारण ते मी इथे कोणाला सांगू शकत नाही.

एक चिमुरडी आली होती. जेमतेम चारेक वर्षांची, पडल्यामुळे समोरचा दात तुटलेला, आईच्या ओढणीत डोकं खुपसलेलं. जवळ गेलं की चावते. खरंच चावते, माझ्या अंगठ्यावर खूण आहे. मागच्या वेळी भिंगरीने तिला बरंच माणसात आणलं होतं, म्हणून ती आज आत शिरल्या शिरल्या म्हणाली, "ती ताई कुठाय? आधी ताई."

भिंगरी बाकावर होती. सवयीने उठली, दप्तर ठेवलं, खुर्चीत चढली. मी दिवा लावला. आणि तिथे तिच्या लक्षात आलं. ओठ घट्ट मिटून माझ्याकडे बघत राहिली. ती छोटी म्हणाली, "उघड ना!" भिंगरीने मान हलवली. "का? दुखतं?" त्यावर भिंगरीने काय उत्तर द्यावं? तोंड उघडलं तर शब्द मोडतो, नाही उघडलं तर ही घाबरते. ती खुर्चीतून उतरली आणि माझ्या मागच्या एक्स-रेच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

छोटीने ते पाहिलं आणि असा काही टाहो फोडला की बाहेरची दोन पोरंही सुरू झाली. तिची आई मला म्हणते, "तुमचीच मुलगी घाबरते मग आमचीचं काय घेऊन बसलात?" आणि तिला काखेत मारून चालती झाली. तुटका दात तसाच. वरच्या मजल्यावरचे डॉक्टर जिन्यात भेटले, म्हणाले, कशाला एवढे लाड, दोघांनी धरायचं, दोन मिनिटांचं काम. मी त्यांना काय म्हटलं ते लिहीत नाही.

एक्स-रेच्या खोलीत भिंगरी रडत नव्हती. ती म्हणाली, "आई, मी तिला फसवलं का गं?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि तुझ्यावर इतका संताप आला की विचारू नकोस. फसवलं कोणी, आणि विचारतंय कोण!

घरी आल्यावर तुझ्या आई म्हणाल्या, "अगं, सरळ सांग तिला, बाबा निघालाय, वाटेत आहे, तू तोंड उघड तोवर तो पोचतोय. दाढ निघाली की काय कळतंय?" आणि खरं सांगू? मी तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेले होते तेच सांगायला. ती झोपेत गालाखाली हात घेऊन होती. मी परत आले आणि स्वयंपाकघरात भांडी आपटत बसले.

परवा शनिवार आहे. येणार नसशील तर तसं कळव. येतो म्हणू नकोस, बघतो म्हणू नकोस. हो की नाही, एवढंच लिही.

– मी


१६ मार्च, शनिवार

तुला,

'नाही जमत गं. समजून घे. तिला सांग पुढच्या वेळी नक्की.'

म्हणजे तेही मीच सांगायचं.

आज तिने बूट घातले नव्हते. त्यावरूनच मी ओळखायला हवं होतं. दुपारचे पेशंट गेले, दवाखान्यात मी, ती आणि तुझ्या आई एवढ्याच उरलो. तुझा मेसेज वाचून मी फोन उलटा ठेवला. ती म्हणाली, "आई, बाबा येणार आहे का? खरं सांग. पोरांना सांगतेस तसं सांग."

तुझ्या आई मागून मला डोळ्यांनी खुणावत होत्या. हो म्हण, हो म्हण.

मी म्हटलं, "नाही येणार."

"आज नाही?"

"आज नाही. पुढच्या शनिवारचं मला माहीत नाही."

तिने खाली बघितलं. चपलेचा पट्टा काढला, लावला, काढला. मग विचारलं, "मी कबूल केलं होतं. मोडू का?" मी तिच्यापुढे जमिनीवर बसले. म्हटलं, "शब्द दोघांचा असतो. तो येणार आणि तू थांबणार, असं ठरलं होतं ना? तू थांबलीस. दोनदा थांबलीस. तो आला नाही."

"मग माझं सुटलं?"

"सुटलं."

तुला यात माझा डाव दिसेल. दिसू दे. मला दुसरं काही सुचलं नाही आणि हे खोटं नव्हतं.

ती आपण होऊन खुर्चीत चढली. तोंड उघडण्याआधी आजीकडे बघून म्हणाली, "आजी, दुखेल का गं?" मला वाटलं, आता या म्हणणार, छे, नुसतं बघणार आहे. तुझ्या आई जवळ आल्या, पायापाशी उभ्या राहिल्या. पायाला हात लावायला गेल्या आणि हात मागे घेतला. म्हणाल्या, "दुखेल गं. थोडं दुखेल. मी इथेच आहे." असं त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. नंतर बाकावर बसून त्या पदराने डोळे पुसत राहिल्या, ते भिंगरीला दिसलं नाही.

टोचल्यावर तिने हात वर केला. मी थांबले. पुन्हा केला, पुन्हा थांबले. दाढ हलायला लागली तेव्हा हात वर केला आणि खाली घेईचना. मी चिमटा ट्रेमध्ये ठेवून दिला आणि बसून राहिले. भूल उतरायला लागली तर पुन्हा टोचावं लागेल हे मला कळत होतं, तिला नाही. तुझं काँक्रीट थांबत नाही म्हणालास ना, मला आज ते आठवलं आणि हसू आलं, चांगलं हसू नव्हे. मग तिने हात खाली घेतला. दाढ निघाली.

कापूस दाबून बसली होती. मी विचारलं, दाढ बाबाला पाठवूया का, या पत्रातून? तिने मान हलवली. कापूस काढल्यावर म्हणाली, "नको. त्याला भीती वाटते."

ताप नाही. झोपली आहे. तुला काळजी असेल असं धरून लिहिलं.

– मी


२४ मार्च, रविवार

तुला,

गाल उतरला आहे. दाढेच्या जागी तार बसवायची आहे, नाहीतर शेजारचे दात त्या मोकळ्या जागेत सरकतात. ते मी बघेन, आणि मी बघेन म्हणजे करेन.

ती चावरी चिमुरडी बुधवारी परत आली. तिच्या आईला म्हणे पोरीने घरी सुखाने जगू दिलं नाही, ताईला बघायचंय म्हणून. भिंगरीने आ करून तिला खिंडार दाखवलं. छोटीने आत बोट घालायचा प्रयत्न केला. मग म्हणाली, "आता मी," आणि तिचा तुटका दात मी घासून नीट केला. अंगठाही शाबूत आहे.

गेल्या रविवारी तुझा फोन आला नाही. लाज वाटली असेल, असं तुझ्या आई म्हणाल्या.  भिंगरी मात्र दिवसभर फोनच्या आसपास होती.

आज आला. मी उचलला तेव्हा तू म्हणालास, "तिला दे," आणि मी म्हटलं, "ती नंतर बोलेल." त्यावर तू जे बोललास, की मी पोरीला तुझ्यापासून तोडतेय, तुझ्याविरुद्ध तिचे कान भरतेय, ते मी ऐकून घेतलं. रेंज या खेपेला चांगली होती. उत्तर दिलं असतं तर ओरडले असते, म्हणून इथे देते.

फोन वाजला तेव्हा भिंगरीने तुझ्या आईला आरामखुर्चीत निजवलं होतं आणि टॉर्च लावून त्यांचे दात मोजत होती. त्यांची कवळी बाहेर पेल्यात, म्हणजे मोजायला उरलेत किती ते तुला माहीत आहेच. पण काम गंभीरपणे चाललं होतं. आजी हात वर करायच्या, ही थांबायची. मी हाक मारली, "भिंगरी, बाबाचा फोन." एरवी ती कशी धावते, ते तुला ठाऊक आहे. मागे एकदा धावताना टेबलाचा कोपरा लागून गुडघा फोडून घेतला होता. मला वाटलं ऐकू आलं नाही. पुन्हा हाक मारली. आजी तोंड उघडं ठेवूनच उठायला लागल्या, तर हिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना परत निजवलं.

आणि मला म्हणाली, "मी कामात आहे. त्याला म्हणावं, बघते नंतर."

रागाने नाही. रागाने म्हणाली असती तर मी तिला ओढत आणून फोनवर बसवलं असतं. साधं म्हणाली, आणि पुन्हा टॉर्च लावला.

हे न लिहिता 'ती झोपली होती' असं लिहिता आलं असतं. तुझ्या आई तेच लिही म्हणत होत्या. वाचून तुला दुखेल, हे मला माहीत आहे. दुखणार नाही, असं मी कोणालाच सांगत नाही.

– भिंगरीची आई